सिमेंट कालवायच्या आधी

सकाळचे साडेआठ. तू सिंकपाशी उभी आहेस. कोपराने नळ ढकललेला, हातांना कोपरापर्यंत फेस. आत टेबलावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी कुशीवर आहेत, कमरेत स्पायनल दिलेलं, पुढून-मागून आधार लावलेले. परवा पहाटे बाथरूममध्ये घसरल्या आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. सर काल त्यांच्या मुलाला म्हणाले, "जोडत बसण्यात अर्थ नाही, बॉल बदलू." मुलाने सही केली, पण तुला बाजूला गाठून विचारलंच, "सिस्टर, हाड मोडलं तर जोडतात ना? काढून का टाकतात?"

तू म्हणालीस, "सर सांगतील." पुन्हा असं म्हणू नकोस, कारण उत्तर साधं आहे. खुब्याच्या उखळीत फिरतो तो मांडीच्या हाडाचा गोल माथा. त्याच्या खाली तिरकी मान आणि मग सरळ दांडा. दांडा आणि मान यांच्यात साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. माथ्याला रक्त उखळीकडून फारसं मिळत नाही. ते खालून येतं, मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून, भिंतीवर वेल चढावी तसं. मान सरकून मोडली की वेलही तुटते. नडगी मोडली तर बऱ्याचदा भोवतालचे स्नायू आणि हाडावरची साल रक्त पुरवत राहतात. हा माथा मात्र सांध्याच्या पिशवीत एकटा पडतो आणि उपासमारीने मरतो. तरुण माणसात तो वाचवायची धडपड करतात. आजींना मात्र उद्या उभं राहायचंय. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणं त्यांना खुब्यापेक्षा महाग पडेल.

अजून दोन-तीन मिनिटं घासायचंय. मी हे काम एकतीस वर्षं केलं. आयुष्यभर लोकांचे गुडघे बदलताना उभी राहिले, आता स्वतःचे बोलतात म्हणून घरी बसून लिहिते. तेवढ्या वेळात तुला मागे नेऊन आणते. हात खांद्याखाली आणि कमरेवर ठेव, कशालाही शिवू नकोस. मागच्या काळात जातानाही नियम तोच.

नळाचं पाणी जांभळं होतं. तुझे हात पोटॅशियम परमँगनेटच्या पात्रात आहेत, कोपरापर्यंत तपकिरी होत चाललेले. मग तो रंग घालवायला गरम ऑक्झॅलिक ॲसिड, आणि शेवटी पाऱ्याचं विषारी द्रावण, मर्क्युरिक क्लोराइड. हे बाल्टिमोर. साल १८८९. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल याच मे महिन्यात उघडलंय. तुझ्या शेजारी कॅरोलाइन हॅम्प्टन उभी आहे, थिएटरची मुख्य सिस्टर. तिचे हात बघ. बोटांच्या पेरांवर भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे. रोज हे सगळं सोसून ती सर्जनच्या हातात अवजार ठेवते. आता तिने सांगितलंय, हे असंच चाललं तर मला काम सोडावं लागेल.

सर्जन आहे विल्यम हॉल्स्टेड. तो गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे, मनगट झाकणारे हातमोजे प्रयोग म्हणून करायला सांगतो. ते येतात आणि कॅरोलाइन घालते. डॉक्टर अजून उघड्या हातांनीच कापतायत! पुढच्या वर्षी, १८९० च्या जूनमध्ये, हॉल्स्टेड आणि कॅरोलाइन लग्न करतात. लोक ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगतात. सांगू देत. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. ऑपरेशनमधला रबरी मोजा पेशंटच्या जखमेसाठी आला नाही, तो एका सिस्टरच्या कातडीसाठी आला. तो पेशंटलाही वाचवतो हे पटून सगळ्या सर्जननी तो घालायला आणखी काही वर्षं गेली.

आमच्या वेळी मोजे धुवायचो. फुगवून कानाशी धरायचं, हवा सुसली की भोक. वाळवून, पावडर लावून, जोड्या लावून ऑटोक्लेव्हला. तू आता डबल घालतेस, फाटला की फेकतेस. हाडाच्या केसमध्ये डबलच हवेत, कारण मोडक्या हाडाची कड आणि के-वायरचं टोक यांना रबर म्हणजे काहीच नाही. ड्रेपिंग झाल्यावर वरची जोडी बदल. इम्प्लांट हातात घ्यायच्या आधी पुन्हा बदल. कंपनीचा माणूस घाई करेल, करू दे.

तू आत आलीस. गाऊन झाला, ट्रॉली लागली. हाऊसमन खुब्यावर बेटाडीन फिरवतोय, मधून बाहेर, गोल गोल. त्या तपकिरी रंगावर नजर ठेव.

नाकात डांबराचा उग्र वास घुसतो. कार्बोलिक. त्याच्या मागे आणखी एक वास आहे, तो तुला ओळखू येणार नाही, कारण आज असा वॉर्ड उरलेला नाही. चाळीस जखमा एकदम सडत असल्याचा. १२ ऑगस्ट १८६५, ग्लासगोची रॉयल इन्फर्मरी, कॅथेड्रलच्या अगदी शेजारी. सर्जनच्या अंगात जुना कोट आहे. जुन्या रक्ता-पुवाने तो जितका कडक, तितका माणूस अनुभवी, अशी तेव्हाची समजूत. खाटेवर अकरा वर्षांचा जेम्स ग्रीनलीज. गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलंय. नडगी मोडली आहे आणि मोडल्या जागी कातडी फाटली आहे.

तुझ्या मनात लगेच शब्द येतो: ओपन फ्रॅक्चर. त्या दिवशी त्या वॉर्डात या शब्दाचा अर्थ बहुधा एकच, पाय कापा. हाड आतल्या आत मोडलं तर माणूस जगायचा आणि तेच हाड कातडीबाहेर डोकावलं तर मरायचा. मधे फरक फक्त कातडीचा. का, ते कुणाला धड माहीत नव्हतं, वाईट हवा म्हणायचे. जोसेफ लिस्टरने पाश्चरचं वाचलं होतं. कार्लाइल गावात सांडपाण्यावर कार्बोलिक टाकतात आणि दुर्गंधी जाते, हेही त्याच्या कानावर आलं होतं. तो कार्बोलिकमध्ये भिजवलेली लिंटची घडी जखमेवर ठेवतो, पाय फळ्यांत बांधतो आणि थांबतो.

तूही थांब. चार दिवस. चौथ्या दिवशी तो पट्टी उघडतो तेव्हा सगळे नाक पुढे करतात. तेव्हा जखम नाकानेच तपासायची. वास येत नाही. पू नाही. कडेची कातडी कार्बोलिकने भाजली आहे तेवढीच, म्हणून पुढे औषध सौम्य करून लावतात. सहा आठवड्यांनी हाड जुळतं आणि पोरगा दोन्ही पायांवर घरी जातो.

लिस्टरने १८६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशा अकरा जणांची हकीकत छापली. त्यांतला एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, नऊ बरे झाले. त्याच्याच वॉर्डात पाय-हात कापलेल्यांपैकी आधी ३५ पैकी १६ मेले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६. पुढे १८७७ मध्ये लंडनला त्याने गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने बांधली. जखम नसलेला गुडघा मुद्दाम उघडून! आज तू रोज टेन्शन बँड वायरिंगचा सेट लावतेस. तेव्हा अख्ख्या लंडनला तो वेडेपणा वाटला होता.

एक गोष्ट इथेच समजून घे, म्हणजे थिएटरमध्ये आम्ही एवढं का ओरडतो ते कळेल. पोटात पू झाला तर त्याला पसरायला जागा असते. हाड कडक. आत पू झाला की दाब वाढतो, दाबाने हाडाच्या रक्तवाहिन्या बंद होतात, आणि हाडाचा तेवढा तुकडा मरून तिथेच पडून राहतो. मेलेल्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणजे अँटिबायोटिकही जात नाही. धातूच्या इम्प्लांटचं तेच. त्यावर जंतू चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात. मग वर्षानुवर्षं वाहणारी जखम. म्हणून अँटिबायोटिक कापायच्या आधीच गेलं पाहिजे, साधारण तासाभराच्या आत. गेलं का, हे तू विचारायचंस, मोठ्याने.

सरांनी सुरी मागितली. कातडी, चरबी, मग मांडीचा पांढरा चिवट पडदा. मॉप दे. मोजून दे. मागच्या बाजूने जाताना सर एक पिवळसर, करंगळीएवढी जाड दोरी लांबूनच दाखवतील. ती सायाटिक नर्व्ह. तुझ्या हातातला रिट्रॅक्टर तिच्यावर टेकला तर आजींचं पाऊल लुळं पडेल. असिस्टंटचं लक्ष नसेल तर तू बोल.

स्नायूंतून रक्त भळभळतं आणि कानाशी तोफा सुरू होतात.

एप्रिल १९१७, अरास, फ्रान्स. ईस्टरच्या सोमवारी हल्ला सुरू झाला तो बर्फाच्या भुरभुरीत. चिखलात स्ट्रेचर ठेवलंय. वरच्या पोराची मांडी मध्येच वाकलेली. अशा मांडीत लिटर-दीड लिटर रक्त सहज साठतं, बाहेर थेंब न दिसता. त्यात स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्यासरशी हाडाची टोकं आतलं मांस फाडतात. आधीची दोन-अडीच वर्षं अशी पोरं फळी-बंदूक बांधून मागे पाठवायचे आणि ती वाटेतच थंड पडायची.

आता स्ट्रेचरवाले दोघं वाकतात. लोखंडी सळीची एक चौकट, वरच्या टोकाला चामड्याचं कडं. पँट तशीच, बूट तसाच. कडं जांघेत सरकवून बैठकीच्या हाडाला टेकवायचं, बूट खाली ओढून चौकटीच्या टोकाला बांधायचा. हे त्यांच्याकडून डोळ्यांवर पट्टी बांधून घोटून घेतलंय, कारण रात्री दिवा लावता येत नाही. हीच तुझ्या स्टोअरमध्ये कोपऱ्यात गंजत पडलेली थॉमस स्प्लिंट. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने ती क्षयाने सडलेल्या गुडघ्यांसाठी केली होती आणि त्याच्या हयातीत कुणी फारशी विचारली नाही. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती लष्कराच्या गळी उतरवली. अरासच्या वेळी हेन्री ग्रे या सर्जनने मांडीच्या हजारभर फ्रॅक्चरचा हिशेब ठेवला. मृत्यू सोळा टक्क्यांच्या आत आले होते. ताणून धरलेली मांडी लांब आणि निमुळती होते, आत रक्त साठायला जागा कमी उरते. बस, एवढंच शास्त्र.

कामट्या बांधायची विद्या आपल्याकडे फार जुनी. एक पाऊल अजून मागे टाक. सुश्रुताच्या काळात पोचशील. नदीच्या वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवलेलं प्रेत सात रात्रींनी काढलंय आणि वाळ्या-बांबूच्या कुंच्याने थर थर खरवडून विद्यार्थ्यांना आतलं दाखवतायत. हाडं मोजली जातात ३००: हातापायांत १२०, धडात ११७, मानेच्या वर ६३. तू शाळेत २०६ शिकलीस. चुकले म्हणून हसू नकोस, ते दात आणि कूर्चाही हाडांतच धरत होते. मोडक्या मांडीसाठी त्यांच्याकडे फळीची खाट आहे, तिला पाच खुंट्या, पाय हलू नये म्हणून. आणि पट्टीबद्दल जे बजावून ठेवलंय ते ऐक. सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही, घट्ट बांधली तर सूज, ठणका, पू. थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी.

हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माहीत असायला हवं होतं. नाइट ड्यूटी. कोपराजवळ मोडलेला, संध्याकाळी प्लास्टर घातलेला सात वर्षांचा मुलगा रडत होता. इंजेक्शन देऊनही रडत होता. मी बोटं बघितली, गुलाबी होती. नाडी लागत होती. आईला म्हटलं, "लहान आहे, रडणारच." पहाटे बोटं सरळ करायला गेले तर तो किंचाळला. तेव्हा धावले. प्लास्टर चिरलं, पुढे स्नायूंची आवरणंही उघडावी लागली. हात वाचला, पण दोन बोटं कायमची आकसली. आतला दाब वाढला तरी नाडी शेवटपर्यंत लागू शकते, हे मला त्या रात्रीने शिकवलं. औषधाला न जुमानणारं दुखणं आणि बोट सरळ करताना उठणारी कळ, या दोनच खुणा लवकर दिसतात. त्या दिसल्या की "लहान आहे" म्हणायचं नाही. फोन करायचा.

परत ये. मान कापली जातेय. करवतीवर सलाइनची धार धर, अगदी पात्यावर. हाड सुमारे ४७ अंशांना मिनिटभर तापलं तरी मरतं, आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. कॉर्कस्क्रूने माथा बाहेर येतो, हस्तिदंती, ओला, एका बाजूने करवंटीसारखा फुटका. हा फेकायचा नाही, मापायचाय. गेजमध्ये घाल, आकडा मोठ्याने वाच, मग बघून इम्प्लांटचा डबा उघडायला सांग. आत सर दांड्याची पोकळी रास्पने घडवतायत, ठोकल्याचा आवाज बदलेपर्यंत. आवाज भरीव झाला की रास्प बसली, हे तुलाही कळायला लागेल.

आता सिमेंटचा बाऊल दे. पावडर, त्यावर द्रव. नेलपॉलिशसारखा वास आला ना?

१९६२. लँकेशायरमधलं राइटिंग्टन, एकेकाळचं क्षयरोग्यांचं हॉस्पिटल. इथे जॉन चार्नली नावाचा सर्जन खुब्याच्या मागे लागलाय. त्याची सुरुवात एका आवाजाने झाली. पॅरिसच्या जुदे बंधूंचा ॲक्रिलिकचा माथा बसवलेला एक पेशंट आला. तो पुढे वाकला की खुबा असा करकरायचा की बायकोला त्याच्याबरोबर जेवायला बसवेना. दुसरा एखादा डॉक्टर हसला असता. चार्नलीने विचार केला, करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे इम्प्लांट सैल. त्याने माथा लहान केला, २२ मिलिमीटरच्या जरा वर, आणि उखळीला टेफ्लॉनची वाटी बसवली. हे सगळं जागच्या जागी धरायला दातांच्या डॉक्टरांचं ॲक्रिलिक आणलं, तुझ्या बाऊलमधलं हेच. हे गोंद नव्हे, लक्षात ठेव. फरशीखाली माल भरतो तसं ते हाडाच्या बारीक छिद्रांत भरून घट्ट होतं.

पेशंट नाचत घरी गेले. सुमारे ३०० खुबे. आणि दोन-तीन वर्षांत एकेक परत यायला लागला, दुखतंय म्हणत. टेफ्लॉन झिजत होतं आणि त्याच्या भुकटीने भोवती गाठी होऊन हाड खाल्लं जात होतं. चार्नलीने टेफ्लॉनचा कण स्वतःच्या मांडीत घालून घेतला, शरीर काय करतं ते बघायला. तिथेही गाठ आली. ज्यांच्यात टेफ्लॉन बसवलं त्यांना पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ आली. सकाळी राउंडला त्या वॉर्डात शिरताना त्या माणसाला काय वाटत असेल!

१९६२ च्याच मे महिन्यात एक विक्रेता गिरणीच्या यंत्रांसाठी वापरतात असं पॉलिएथिलीनचं प्लास्टिक घेऊन दारात आला. चार्नलीने त्यात नख रुतवून बघितलं आणि निघून गेला. पण वर्कशॉपमध्ये हॅरी क्रेव्हन होता, त्याचा तंत्रज्ञ. साहेब परदेशी जाताच त्याने तो तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. नोव्हेंबरात पहिली वाटी बसली. आज खुबे बदलून फिरणाऱ्या असंख्य लोकांच्या उखळीत त्याच प्लास्टिकची सुधारलेली भावंडं आहेत. क्रेव्हनचं नाव कुठल्या दगडावर आहे की नाही ठाऊक नाही, पण तू लक्षात ठेव. थिएटरमध्ये सगळं डोकं सुरीच्या टोकाला नसतं.

चार्नलीचा दुसरा हट्ट हवेचा. टेबलाभोवती काचेची खोली केली, लोक तिला ग्रीनहाउस म्हणायचे. वरून गाळलेली हवा, अंगात श्वास बाहेर ओढून नेणारा सूट. अवजारंही पायरीप्रमाणे ट्रेमध्ये आधीच मांडलेली, म्हणजे शोधाशोध नाही, हालचाल कमी. जखम चिघळण्याचं प्रमाण सातेक टक्क्यांवरून पुढे एका टक्क्याच्या खाली आलं. तू मामांना सांगतेस ना, "दार लावा हो, सारखं उघडू नका"? ते नुसतं खेकसणं नव्हे. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते, तिच्याबरोबर धूळ आणि माणसांच्या अंगावरचे कोंड्यासारखे कण, जंतूंसकट.

आणखी एक. तो पेशंटना सांगून ठेवायचा, तुम्ही गेलात की खुबा मला परत द्या. किती झिजला ते बघायचंय. लोक हो म्हणायचे.

बाऊलमधलं सिमेंट आता तारा सोडत नाही. मोज्याच्या बोटाने शिव, चिकटलं नाही, म्हणजे तयार. मोठ्याने सांग, "सिमेंट जातंय." हे भूलतज्ज्ञांसाठी. दाबाने सिमेंट आत गेलं की मज्जेतली चरबी रक्तात ढकलली जाऊ शकते. आजींचं ब्लड प्रेशर याच दोन-चार मिनिटांत कोसळण्याची भीती. घड्याळात वेळ बघून लिहायला सांग. इम्प्लांट बसेल, सर ते हलू न देता धरून उभे राहतील, सगळे गप्प. बाऊलच्या कडेला उरलेला गोळा हातात घे. गरम होत जाईल आणि अचानक दगड. तेवढ्यात सर विचारतीलच, "झालं का सेट?" उत्तर तुझ्या मुठीत आहे.

सांधा 'टक्' करून बसतो. आता काउंट. मॉप, सुया, सुऱ्या, रास्पचं टोक, गेजचं बारीक झाकणसुद्धा. बाहेरची सिस्टर आणि तू, दोघी मोठ्याने. सर शेवटचा टाका घेत "झालं हो, चला" म्हणाले तरी आकडा जुळेपर्यंत "काउंट बरोबर" म्हणायचं नाही.

मग ट्रॉलीवर घेताना. मागून उघडलेला खुबा पाय वाकवून आत वळवला की निसटतो, आणि मामा-मावशींना आजींना पटकन उचलायची घाई असते. दोन पायांमधली उशी कुणाला काढू देऊ नकोस. वॉर्डच्या सिस्टरला सांगशील तेव्हा फाइलकडे बघून नको, उशीवर हात ठेवून सांग. आणि जिन्याजवळ आजींचा मुलगा भेटेल, तोच प्रश्न घेऊन. उत्तर आता तुला येतं.